काढलेला फोटो, टाकलेला फोटो

आत्या गेली त्या संध्याकाळी दिव्याजवळ ठेवायला फोटो हवा होता. ओसरीवर आम्ही अकरा जण होतो आणि अकरा जणांच्या हातात फोन. मान खाली घालून सगळे शोधत होतो. माझ्या फोनमध्ये चौदा हजारांच्या वर फोटो आहेत हे मला त्या दिवशी कळलं. आत्या त्यांत होती, पण कशी? पंगतीत वाढताना पाठमोरी. केक कापणाऱ्या नातवाच्या मागे, अर्धा चेहरा फुग्याआड. चुलीपुढे बसलेली, 'जा बाई, माझा कशाला काढतेस' म्हणताना हललेली. समोर सरळ बघणारी, एकटी आत्या कुणाकडेच नव्हती.

शेवटी एक सापडला. गेल्या दिवाळीत भाचीने अंगणात काढलेला. चेहरा समोर, उजेड चांगला, ओठांवर थोडं हसू. हाच घेऊ, असं सगळे म्हणाले. आत्याची मुलगी, आमची आक्का, हिने फोन हातात घेतला, दोन बोटांनी चेहरा मोठा केला आणि म्हणाली, "हिचं गोंदण कुठाय?"

आत्याच्या हनुवटीवर हिरवट-निळे तीन ठिपके होते. लग्नाआधी कधीतरी जत्रेत गोंदलेले. फोटोत ते नव्हते. हनुवटी साफ होती, गालही साफ होते, सत्तरी ओलांडलेली बाई पन्नाशीची दिसत होती. भाचीच्या फोनमध्ये चेहरा गुळगुळीत करणारी सोय चालू होती. तिने ती मुद्दाम लावलेली नव्हती, फोन घेतला तेव्हापासून तशीच होती. सुरकुती कुठली, वांग कुठला आणि गोंदण कुठलं, हे त्या सोयीला कळत नाही. तिने तिन्ही पुसून टाकलं होतं. भाची रडवेली होऊन म्हणत राहिली, "मी काहीच केलं नव्हतं गं, नुसता काढला होता."

नुसता फोटो काढणं म्हणजे आता काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या मनातून गेलेला नाही. तो घेऊन मी पहिल्यांदा गेले ते वाईला, बाजारपेठेतल्या एका जुन्या स्टुडिओत. आमच्या घराण्याचे सगळे जुने फोटो तिथलेच.

स्टुडिओ आता नावापुरता उरला आहे. पुढच्या खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो. पण मागच्या खोलीत रंगवलेला पडदा अजून गुंडाळून ठेवला आहे. त्यावर संगमरवरी पायऱ्या, कारंजं आणि कधी कुणी न पाहिलेली बाग. प्लास्टरची फुलदाणीही आहे. तिच्यावर हात ठेवून वाई तालुक्यातल्या किती मुलींनी स्थळांसाठी फोटो काढून घेतले असतील, याची मोजदाद नाही. मालक साठीचे आहेत. आजोबांनी धंदा सुरू केला, वडिलांनी वाढवला. मी त्यांना काकाच म्हणते.

गोंदणाची गोष्ट ऐकून काका उठले आणि कपाटावरून एक लाकडी उतरतं डेस्क खाली काढलं. हे रिटचिंगचं डेस्क. मधे काचेची चौकट, खाली आरसा. आरशाने उजेड वर फेकायचा, चौकटीवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने तिच्यावर काम करायचं. सुरकुतीची खाच निगेटिव्हवर फिकट दिसते, ती पेन्सिलीने भरली की छापलेल्या फोटोत सुरकुती सौम्य होते. काकांचे वडील दिवसभर हेच करत. लग्नाच्या मुलीच्या चेहऱ्यावरचे देवीचे वण त्यांनी कितीतरी वेळा भरले.

म्हणजे चेहरा साफ करणं फोनने शोधलेलं नाही. हे ऐकल्यावर माझा निम्मा राग खाली बसला. मग मी विचारलं, गोंदण पुसायचे का? काका म्हणाले, "नाही ताई. गोंदण ही खूण. खूण पुसली तर माणूस ओळखायचं कशावरून?"

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं.

त्याच खोलीत आणखी एक काम चालायचं आणि ते मला सगळ्यात विलक्षण वाटतं. खेड्यापाड्यांतली कितीतरी माणसं जन्मभरात एकदाही कॅमेऱ्यासमोर एकटी बसलेली नसत. ती गेली की घरची मंडळी एखादा ग्रुप फोटो घेऊन यायची. लग्नातला नाहीतर सोसायटीच्या सभेतला, चेहरा हरभऱ्याएवढा. त्यातून तो चेहरा काढून मोठा करायचा, धूसर झालेले डोळे ब्रशने पुन्हा रेखायचे, अंगावर कोट नाहीतर डोक्यावर फेटा चढवायचा. कधी नवऱ्याचा चेहरा एका फोटोतून, बायकोचा दुसऱ्यातून घेऊन दोघांना शेजारी बसवायचं. जिवंतपणी ज्यांचा जोडीने फोटो निघाला नाही, त्यांचा असा निघायचा.

हा खोटेपणा होता का? मला तसं वाटत नाही. ते चित्र कुणी घडवलं, कुणी घडवून घेतलं आणि का, हे घरात सगळ्यांना माहीत असायचं. मागणी घरच्यांची असायची आणि ओळख पटवणारेही तेच. नाक थोडं बसकं होतं हो, असं बायको सांगायची आणि काकांचे वडील नाक बसकं करायचे.

आजचा फोन न विचारता करतो. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल एक प्रकरण जगभर गाजलं. एकाने चंद्राचं मुद्दाम अस्पष्ट केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि दुरून फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत खळगे, डाग, सगळं स्पष्ट उमटलं. समोर जे नव्हतंच ते फोनने भरलं होतं. समोर चंद्र आहे हे ओळखून त्याचे बारकावे खुलवले जातात, असं कंपनीनेही मग समजावून सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलच्या नव्या फोनने आणखी एक सोय आणली. ग्रुप फोटोत कुणी डोळे मिटले असतील, तर पाठोपाठच्या दुसऱ्या फोटोतला त्याचा उघड्या डोळ्यांचा चेहरा तिथे बसवता येतो. सगळे छान हसतात, पण सगळे एकाच क्षणी तसे हसलेले नसतात. अंधारातला फोटोसुद्धा आता एक फोटो नसतो. फोन भराभर अनेक फोटो घेतो, ते एकावर एक रचतो आणि त्यांतून एक तयार करतो. फोटो म्हणजे उजेडाचा उमटलेला ठसा, ही आपली जुनी समजूत होती. आता तो ठसा आणि यंत्राचा अंदाज यांची मोट झाली आहे.

आपल्याकडे फोटो आला तो फार लवकर. डागेरोटाइप या सुरुवातीच्या फोटोपद्धतीची कृती पॅरिसमध्ये १८३९ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झाली, आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी उभी राहिली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या सोसायटीतले जाणते फोटोग्राफर. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेल्या हरिचंद चिंतामण यांनी तर मुंबईत स्वतःचा स्टुडिओच थाटला. पण हे शहरातल्या शिकलेल्यांचं झालं. बाकी लोक कॅमेऱ्याला बिचकून होते. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याच्या बरेच आधी बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा करू पाहत होते, तेव्हा कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाईक येईना. माझी आजीसुद्धा फोटोने आयुष्य कमी होतं म्हणायची आणि तिघांचा एकत्र फोटो कधी काढू द्यायची नाही.

त्या काळातला एक फोटो मला नेहमी आठवतो. १० ऑक्टोबर १८८५, पेनसिल्व्हेनियातलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात शेजारी बसल्या आहेत. त्यांतली साडीतली मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये ती गेली. तेव्हा फोटो काढणं म्हणजे निश्चल बसणं. निश्चल बसायचं ते समोर नसलेल्या कुणासाठी तरी, समुद्रापलीकडच्या नाहीतर अजून न जन्मलेल्या माणसासाठी. त्या चित्रातली स्थिर नजर बघितली की हे कळतं.

अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरला विकायला काढला. रोल संपला की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. फोटोग्राफी तिथे घरगुती झाली ती तेव्हा. आमच्या घरात ती यायला आणखी ऐंशी-पंचाऐंशी वर्षं लागली. धाकट्या काकांनी आग्फा क्लिक थ्री घेतला, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्या बारांचा हिशेब घरात किराण्यासारखा चालायचा. गणपतीत दोन, दसऱ्याला एक, दिवाळीत तीन, बाकीचे लग्नसराईसाठी राखून. रोल धुवायला टाकला की आठ दिवस वाट पाहायची. कधी अख्खा रोल पांढरा निघायचा, आणि ते वर्ष आमच्याकडे नसायचंच.

म्हणून मोजके प्रसंग ठरलेले असत. नव्या सुनेची पहिली संक्रांत, काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने. डोहाळजेवणाला फुलांची वाडी. बाळाचं बोरन्हाण. यासाठी स्टुडिओतच जायचं. काका सांगत होते, संक्रांतीच्या आठवड्यात हलव्याचे मुकुट घातलेली पोरं स्टुडिओच्या पायरीवर रांगेने रडत असायची आणि मुकुटाचा हलवा चाटून गप्प व्हायची.

लग्नाच्या धंद्यातली एक गोष्ट त्यांनी जरा ओशाळून सांगितली. वऱ्हाडातला प्रत्येक जण नवरा-नवरीबरोबर फोटो काढायला स्टेजवर चढायचा, आणि वधुपित्याने तर दोनच रोलचे पैसे दिलेले. मग कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि नुसता फ्लॅश उडवायचा. रोल पुढे सरकवायचाच नाही. पाहुणा खूश होऊन उतरायचा. हे ऐकून मी बराच वेळ विचार करत बसले. त्या पाहुण्याला फोटो बघायला कधी मिळणारच नव्हता, आणि त्याने तो मागितलाही नाही. आपल्यासाठी कुणीतरी कॅमेरा रोखला, उजेड पडला, एवढ्याने त्याचा मान राखला गेला. फोटो काढण्याचा एक अर्थ हाही होता, आणि कागदाशी त्याचा संबंध नव्हता.

मराठीत आपण फोटो काढतो आणि आठवणही काढतो. क्रियापद एकच. आत काहीतरी आहे आणि ते बाहेर आणायचं आहे, असा दोन्हींचा भाव. पण गेल्या दहा वर्षांत माझ्या कानावर दुसरंच क्रियापद जास्त पडतं. पोचलीस की फोटो टाक. डब्याचा फोटो टाक. ग्रुपवर टाकला का?

काढण्याकडून टाकण्याकडे जाणारी वाट कोडॅकच्याच प्रयोगशाळेतून निघाली. डिसेंबर १९७५ मध्ये तिथल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने फिल्मशिवायचा कॅमेरा जुळवला. एक कृष्णधवल चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत आणि मग ते टीव्हीवर बघायचं. कॅमेऱ्याचं वजन साडेतीन किलोच्या वर. फिल्मवर जगणाऱ्या त्या कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पण मला सॅसनपेक्षा महत्त्वाचा वाटतो तो फिलिप कान. ११ जून १९९७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझमध्ये बायको बाळंतीण होत असताना त्याने तिथेच फोन आणि डिजिटल कॅमेरा तारांनी जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना एकदम पाठवला. बारशाच्याही आधी मुलगी दोन हजार घरांत पोचली. त्या दिवसापासून फोटो काढणं आणि धाडणं यांतलं अंतर मिटायला लागलं. आपल्याकडे ते पुरतं मिटलं २०१६ नंतर, फोनवरचा डेटा स्वस्त झाल्यावर.

यावर नुसते सुस्कारे टाकण्यात मला रस नाही. भाची पुण्यात वसतिगृहावर राहते. रोज रात्री ती आक्काला ताटाचा फोटो टाकते. पोळी, बटाट्याची भाजी, पातळ वरण. तो फोटो कुणी जपून ठेवावा म्हणून काढलेलाच नाही. त्याचा अर्थ इतकाच की आई, मी जेवले, तू झोप. आक्काला मराठी वाचायला वेळ लागतो, ताट एका नजरेत कळतं. ती अंगठा दाखवते आणि दिवा मालवते. हे फोटो म्हणजे बोलणं आहे. बोललेला प्रत्येक शब्द आपण कुठे जपून ठेवतो? आनंदीबाईंच्या फोटोशी या ताटाची तुलना करणं म्हणजे पत्राची तुलना हाकेशी करण्यासारखं आहे. हाकही लागतेच.

आत्याच्या मुलाचे, आमच्या दादाचे फोटो आणखी निराळे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभं राहून, आपल्याच फोनवरून पिकाचा फोटो काढायचा आणि त्यावर अक्षांश-रेखांश उमटतात. दादा म्हणतो, सोयाबीनचा एवढा चांगला फोटो काढतो, पण शेतात राबणाऱ्या आईचा कधी काढला नाही. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोने लागते. नेटवर्क नसलं तर केलेल्या कामाची हजेरी लागणं अडतं. कालपर्यंत फोटो हा सणासुदीचा होता. आज तो पोटाचा झाला आहे, पुराव्याचा झाला आहे.

तेव्हा फोटो फार झाले, ही माझी तक्रार नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्या कामाची, फोटो काढून झाल्यावरच्या. निवडणं, मागे नाव लिहिणं, अल्बम मांडीवर घेऊन 'ही कोण सांग बरं' असं पोराला विचारणं. खरी आठवण काढली जायची ती तेव्हा. ते काम आपण हळूहळू फोनवर सोपवलं. सकाळी उठलं की फोनच सांगतो, पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी. आठवण काढण्याची वेळ आणि माणूस, दोन्ही तोच ठरवतो. २०१४ च्या डिसेंबरमध्ये एरिक मेयर या अमेरिकन वेब डिझायनरला फेसबुकने त्याच्या सरत्या वर्षाची चित्रमाला दाखवली. सगळ्यात पुढे त्याच्या मुलीचा चेहरा, भोवती नाचणारी चित्रं. ती मुलगी त्याच वर्षी मेंदूच्या कर्करोगाने गेली होती. कुणी दुष्टपणे केलं नव्हतं, असं त्यानेच लिहिलं. यंत्राला फक्त एवढं कळलं होतं की हा फोटो पुष्कळांनी पाहिला.

लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा एक प्रयोग मला या संदर्भात आठवतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एका कलासंग्रहालयात नेलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर फोटो काढलेल्या वस्तूच कमी आठवत होत्या. मात्र जिथे वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला होता, तिथे आठवण घटलेली नव्हती. काकांचे वडील प्रत्येक चेहऱ्यावर तासभर पेन्सिल चालवत. तालुक्यातल्या माणसांची नाकं-डोळे त्यांना तोंडपाठ होते, असं काका म्हणतात. त्यात मला नवल वाटत नाही.

आमच्या देवघरात चांदीचे टाक आहेत. कुलदैवताचे दोन आणि एक घराण्यातल्या कुणा पूर्वजाचा. फोटो यायच्या आधी गेलेलं माणूस घरात ठेवायची हीच रीत होती. तो पूर्वज कोण, हे आता कुणालाच सांगता येत नाही. नाक-डोळे पुसट झाले आहेत. तरी दसऱ्याला चिंच लावून तो घासला जातो आणि घासणारी बाई त्याला हात जोडते. आत्या घासायची.

दहाव्याच्या आदल्या दिवशी पुतण्याने आणखी एक केलं. अशा सोयी २०२१ पासून फोनवर आल्या आहेत, जुन्या फोटोतल्या माणसाला हलवणाऱ्या. त्याने आत्याचा तो गुळगुळीत फोटो त्यात घातला. आत्याने पापणी लववली, मान वळवली आणि दात दाखवून हसली. पोराने प्रेमानेच केलं होतं. आक्का एकदा बघून उठून आत गेली. नंतर म्हणाली, "आई अशी हसायची नाही. ती तोंडावर पदर घ्यायची."

म्हणून मला काकांकडे जाऊन एकच मागायचं होतं, गोंदण परत द्या. पण ठिपके होते कसे? मला वाटलं, एका ओळीत. दादा म्हणाला, त्रिकोणात. धाकटी काकू म्हणाली, तीन कुठले, चार होते. चार पिढ्यांनी जिला रोज पाहिलं, तिच्या हनुवटीवर आमचं एकमत होईना. काकांच्या आजोबांची रजिस्टरं शाबूत आहेत, वर्षवार नावं आणि नंबर. निगेटिव्ह मात्र राहिल्या नाहीत. कधीकाळी चांदीसाठी त्या वजनावर विकल्या गेल्या.

मग आक्काने ट्रंकेतून तिचा स्वतःचा फोटो काढला. बोरन्हाणाचा. आत्या विशीची, मांडीवर हलव्याचा मुकुट घातलेली आक्का, मागे तीच रंगवलेली बाग. कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का. पाठीमागे आत्तोबांच्या हस्ताक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं : संक्रांत, १९७०.

काकांनी तो स्कॅन केला आणि पडद्यावर मोठा करत नेला. आधी मुकुट गेला, मग आक्का गेली, डोळे गेले, उरली फक्त हनुवटी. तीन ठिपके. त्रिकोणातच, पण डावा थोडा खाली उतरलेला, गोंदणारीचा हात तिथे घसरला असावा.

फोटोखाली काय घालायचं, असं काकांनी विचारलं. जाण्याची तारीख आम्हाला ठाऊक होती. दिवाळीतला तो फोटो कधी आणि कुठे काढला, हे फोनला सेकंदासकट ठाऊक होतं. जन्मसाल कुणालाच सांगता येईना. भूकंपाच्या वर्षी माझं लग्न झालं, एवढंच आत्या सांगायची. कोयनेचा भूकंप, १९६७. त्याच्या मागे कुणी गेलेलं नव्हतं. जन्माची जागा आम्ही कोरी ठेवायला सांगितली.

काकांनी चष्मा पुसला. १९७० च्या हनुवटीवरचे तिन्ही ठिपके एकेक करून उचलले आणि पंचावन्न वर्षं पुढे आणून ठेवले. डावा पहिल्यांदा जरा वर बसला. आक्का खुर्ची ओढून पडद्याजवळ आली आणि म्हणाली, "अजून थोडा खाली."